दोन तास फुकट, वर अकरा मिनिटे

इंग्लंडमधल्या सुपरमार्केटच्या वाहनतळावर 'दोन तास मोफत' असा फलक असतो. आठवड्याचं वाणसामान, पोराचे शाळेचे बूट आणि वर एक कॉफी एवढ्यात दोन तास कधी उलटतात ते कळत नाही. दहाएक दिवसांनी वाहनतळ चालवणाऱ्या खासगी कंपनीचं पाकीट येतं. आत गाडी शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा असे दोन फोटो, नंबर प्लेट, आणि मागणी १०० पौंडांची, १४ दिवसांत भरले तर ६०. भारतातून नव्याने आलेला माणूस एकतर घाबरून त्याच रात्री पैसे भरतो, नाहीतर जुन्या मित्राचं ऐकून पत्र केराच्या टोपलीत टाकतो. दोन्ही घाईचं आहे, आणि दुसरं जास्त महागात पडतं.

आधी पत्रावरचं नाव नीट वाचा. काउन्सिल (तिथली नगरपालिका) पाठवते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस', खासगी कंपनी पाठवते ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींचं लघुरूप पीसीएन, आणि हा गोंधळ कंपन्यांच्या पथ्यावरच पडतो. काउन्सिलचा दंड कायद्याने लावलेला असतो. कंपनीचं पत्र म्हणजे करारभंगाचं बिल. गाडी लावलीत म्हणजे फलकावरच्या अटी मान्य केल्या, असं कंपनीचं म्हणणं असतं. यात गुन्हा नाही, पोलीस नाहीत, लायसन्सवर पॉइंटही नाहीत.

'फेकून दे, काही होत नाही' हा सल्ला एके काळी बऱ्यापैकी चालायचा, कारण गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला सिद्ध करावं लागे. १ ऑक्टोबर २०१२ पासून प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अॅक्टच्या चौथ्या परिशिष्टाने ते बदललं. आता इंग्लंड-वेल्समध्ये चालकाचं नाव कळलं नाही, तर रजिस्टर्ड कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतात. मात्र कंपनीने त्या परिशिष्टातल्या अटी आणि मुदती काटेकोर पाळलेल्या असल्या पाहिजेत. (हे स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला लागू नाही. विमानतळ, रेल्वे स्टेशन अशा स्वतंत्र उपविधी असलेल्या जागांनाही सहसा नाही.)

म्हणून पहिलं काम कॅलेंडर काढण्याचं. काचेवर काही चिकटवलेलं नसेल आणि सगळा कारभार कॅमेऱ्याचा असेल, तर पार्किंग संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत 'नोटीस टू कीपर' (कीपरच्या नावाची नोटीस) घरी पोहोचली पाहिजे. नुसती पाठवून भागत नाही. पोस्टात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी ती पोहोचली, असं कायदा गृहीत धरतो. समजा, गाडी रविवारी १ मार्च २०२६ ला लावली होती. चौदावा दिवस १५ मार्च, तोही रविवार. पत्र बुधवारी ११ तारखेला पोस्टात पडलं तर शुक्रवारी १३ ला पोहोचलं असं धरतात, म्हणजे मुदतीत. गुरुवारी १२ ला पडलं तर सोमवार १६ उजाडतो, म्हणजे उशीर. म्हणून पाकीट फेकू नका. काचेवर नोटीस लावली असेल तर हिशेब वेगळा: कीपरला पत्र २८ दिवस उलटल्यावर आणि ५६ व्या दिवसापर्यंत यावं लागतं.

मुदत चुकली तर कीपरवर जबाबदारी येत नाही, फक्त चालकावर राहते. आणि इथेच लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. अपिलात 'मी गाडी लावली, मला यायला उशीर झाला' असं लिहिलं की चालक सापडला आणि तारखांचा मुद्दा संपला. खासगी कंपनीला चालकाचं नाव सांगण्याचं कायदेशीर बंधन कीपरवर नाही. खोटं लिहू नका, पण पत्रात 'गाडीचा कीपर या नात्याने' आणि 'चालकाने' हेच शब्द ठेवा.

तारखा बरोबर निघाल्या तरी अपिलाआधी दुकानात जा. खरेदीची पावती किंवा बँक स्टेटमेंट घेऊन मॅनेजरला भेटा आणि कंपनीकडून नोटीस रद्द करून द्या म्हणा. सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग हाच. काउंटरवर 'आमचा संबंध नाही' हे ठरलेलं उत्तर मिळेल. तिथे न थांबता मुख्यालयाला ईमेल करा. कंपनीला जागा दुकानाने किंवा जमीनमालकाने दिलेली असते, आणि गिऱ्हाईक दुखावणं दुकानाला परवडत नाही.

मग कंपनीकडे अपील, २८ दिवसांत. १४ दिवसांत केलंत तर बरं, कारण फेटाळलं तरी सवलतीची रक्कम साधारणपणे पुन्हा देऊ करतात. मुद्दे दमदार हवेत. मोफत वेळ संपल्यावर किमान १० मिनिटांची सूट द्यायची, हे या धंद्याच्या संहितेतच आहे. दोन तास आठ मिनिटांवर आलेलं बिल एवढ्यावर पडायला हवं. अकरा मिनिटं असतील तर कॅमेऱ्याकडे बघा. तो गाडी फाटकातून आत-बाहेर गेल्याची वेळ टिपतो, उभी होती ती वेळ नव्हे. ख्रिसमसच्या आठवड्यात बाहेर पडायच्या रांगेतच पंधरा मिनिटं जातात. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असं दोनदा गेलात आणि मधली नोंद हुकली, तर एकच आठ तासांचं पार्किंग दिसतं. तेव्हा मधल्या वेळेत गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा लावा, फोनची लोकेशन हिस्टरीही चालते. फलकांचे फोटो त्याच वेळेला, त्याच उजेडात काढा: अंधारात न दिसणारा, झाडाआड गेलेला, रक्कम बारीक अक्षरात दडवलेला.

'अकरा मिनिटांत त्यांचं शंभर पौंडांचं काय नुकसान झालं?' हा मुद्दा मात्र लिहू नका. पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये तो निकालात काढला. चेल्म्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तास मोफत होते, ५६ मिनिटं जास्त झाली होती, आणि ८५ पौंड वाजवी ठरले. फलक मोठे आणि ठळक होते हेही तिथे महत्त्वाचं ठरलं, म्हणून तुमच्याकडचे फलक तसे नसतील तर तेच धरा.

कंपनीने नकार दिला की पुढचा दरवाजा तिच्या संघटनेवर ठरतो. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असेल तर पोपला ही स्वतंत्र अपील सेवा, मुदत २८ दिवस. दुसऱ्या संघटनेची असेल तर आयएएस (इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस), मुदत २१ दिवस. पोपलाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पण तिथे गेलात की ६० पौंडांची सवलत जाते. तारीख, सूट, फलक यांपैकी काहीच हाती नसेल तर ६० भरून मोकळं होणं शहाणपणाचं, असं माझं मत.

यानंतर वसुली एजन्सीची लाल अक्षरातली पत्रं सुरू होतात आणि रक्कम साधारण ७० पौंडांनी फुगते. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्यांना तुमच्या दारात काही अधिकार नाही. ती पत्रं फाईलला लावा. 'लेटर बिफोर क्लेम' (दावा लावण्याआधीचं पत्र) आलं तर मात्र ३० दिवसांत उत्तर द्या. काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर त्यावरच्या तारखेत पाच दिवस मिळवा. तिथून १४ दिवसांत फॉर्म मिळाल्याची पोच नोंदवली की बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. गप्प राहिलात तर एकतर्फी निकाल, म्हणजे सीसीजे (काउंटी कोर्ट जजमेंट). महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं नोंदीत राहतो, आणि गृहकर्जाच्या वेळी शंभर पौंडांची ही गोष्ट फार मोठी होते.

बरेच सीसीजे पत्र न मिळाल्यामुळेच लागतात. स्लाउहून हॅरोला घर बदललं, गाडीच्या लॉगबुकवर (नोंदणीच्या कागदावर) पत्ता जुनाच, आणि कंपनी पत्ता डीव्हीएलएकडूनच, म्हणजे गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडूनच घेते. लॉगबुकवरचा पत्ता डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर फुकट बदलता येतो. लायसन्सवरचा बदलला म्हणून लॉगबुकवरचा आपोआप बदलत नाही. दोन्ही वेगवेगळे बदलावे लागतात.