पातं डुगडुगतंय!

आंब्याच्या रसाने घडीचा चाकू चिकट झाला म्हणून रविवारी पूर्ण खोलला. धुऊन, तेल घालून जोडला, तर पातं डावी-उजवीकडे डुगडुगायला लागलं. पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू आवळला की उघडेना, सैल केला की पुन्हा डुगडुग. तासभर हाच खेळ! परत खोलल्यावर चोर सापडला: ब्राँझचा पातळ वॉशर कडेला दुमडलेला. काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीने सपाट केला. या वेळी मुठीचे स्क्रू आधी नुसते टेकवले, पात्याचा बसवला, मग सगळे आळीपाळीने आवळले. शेवटचा फेर तर जेमतेम केसभर. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद, एकच थेंब, तेही फक्त स्क्रूच्या आट्यांना. वॉशरला लागलं तर पातं जाम.

आई म्हणाली, "आता तरी आंबा कापशील का?"