पावती आणि लायसन

नागपूरला धंतोलीत क्लिनिकसाठी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या त्याला वर्ष होत आलं, तरी बँकेच्या त्या शाखेसमोरून गेले की माझं डोकं अजून तापतं. समुपदेशन करणारीचं! हसा खुशाल.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आधीपासून होती. जागा, भाडेकरार, मराठी पाटी, सगळं महिनाभरात झालं. अडलं ते करंट अकाउंटवर.

"मॅडम, ही तर पावती आहे. गुमास्ता आणा."

गुमास्ता म्हणजे शॉप अ‍ॅक्टचं जुनं लायसन. राज्याच्या 2017 च्या कायद्यात थोडेच कामगार असले तर नोंदणी लागत नाही. फॉर्म एफ भरून नुसतं कळवायचं, फॉर्म जी ही पावती मिळते. माझ्याकडे कामगार म्हणजे फोन घेणारी एक मुलगी. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण लायसन कुठाय?"

दुसऱ्या खेपेला कायद्याची प्रिंट नेली. ती न वाचताच फाइलला लागली. तिसऱ्या खेपेला मेडिकल कौन्सिलचा नंबर मागितला. मी डॉक्टर नाही, औषधं लिहीत नाही, माझी परिषद वेगळी, हे सांगता सांगता त्यांची जेवणाची सुट्टी झाली. चौथ्यांदा म्हणाले, "नावावरून धंदा कळत नाही. काहून असं ठेवलं?" बाजूच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "पागलखान्याचं काम आहे का?"

नाव मुद्दामच तसं ठेवलं होतं. ते का, हे त्या टेबलासमोर सांगायची इच्छाच गेली.

या दीड महिन्यात फी माझ्या बचत खात्यात येत होती. महिन्याच्या शेवटी कुणाची फी आणि कुणी भिशीचे पाठवले, हे निवडत बसायचं. म्हणून खातं उघडेपर्यंत निदान एक वही तरी ठेवा. आणि हो, उद्यमची, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी फुकट असते, आधार नंबरवर घरबसल्या होते. पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

शेवटी सीएनं रिझर्व्ह बँकेचा केवायसीचा नियम काढून दिला. प्रोप्रायटरच्या, म्हणजे एकट्या मालकाच्या धंद्याच्या खात्याला धंद्याचे दोन पुरावे लागतात, आणि त्या यादीत उद्यमही आहे, व्यवसाय कराचं प्रमाणपत्रही. वर्षाला 2,500 रुपये कशाला, म्हणून ज्या करावरून मी सीएशी भांडले होते, तोच कामी आला. दोन्ही कागद ठेवले आणि म्हटलं, "यातलं काय चालत नाही, तेवढं लेखी द्या." चौथ्या दिवशी खातं उघडलं. हे वाक्य मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

फीची पावती देताना त्यावर आरसीआय क्रमांक टाकत जा, लोक विम्यासाठी मागतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पण दाखल न होता घेतलेल्या सेशनचे पैसे सहसा मिळत नाहीत. ते आधीच सांगितलेलं बरं.

क्यूआर कोड लावला त्याच आठवड्यात एका बाईंनी मोबाइल समोर धरून थांबत विचारलं, "पासबुकात काय नाव येईल हो? सासरे बघतात." मी नाव सांगितलं. त्यांनी लगेच पैसे पाठवले.