तीन-सहा म्हणजे छत्तीस नव्हे

डेंटल असिस्टंट म्हणून शिकायला लागले तेव्हा डॉक्टर दात तपासताना आकडे सांगायचे आणि मी ते लिहून घ्यायचे. "थ्री-सिक्स, कीड." मी ३६ लिहिलं, पण तोंडात दात तर बत्तीसच! सीनियर ताईंनी समजावलं, की पहिला आकडा जबड्याच्या भागाचा, दुसरा मधल्या रेषेपासून मोजलेल्या दाताचा. ३६ म्हणजे डावीकडची खालची पहिली मोठी दाढ. तो आकडा चुकला तर उपचार भलत्याच दातावर होऊ शकतो, म्हणून आजही मी लिहिलेलं मोठ्याने परत वाचून दाखवते.

हातांना वळण लागायला मात्र वेळ लागला. डॉक्टर उजव्या हाताने काम करणारे, त्यामुळे मी पेशंटच्या डावीकडे. उजव्या हातात सक्शन, म्हणजे तोंडातली लाळ-पाणी ओढून घेणारी नळी, आणि डाव्या हाताने अवजार द्यायचं. सक्शनची नळी जरा आत गेली की पेशंटला उमासा यायचा. माप घ्यायचं अल्जिनेट एकदा कोमट पाण्यात कालवलं आणि ट्रे तोंडाजवळ नेईपर्यंत ते घट्ट झालं. तेव्हापासून पाणी गार, आणि मिश्रण वाटीच्या कडेला दाबून घोटायचं, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत.

पण या कामाचा खरा कणा मला स्टरिलायझेशनमध्ये, म्हणजे अवजारं निर्जंतुक करण्यात, सापडला. तिथे कोणी बघत नसतं, म्हणून तिथेच जास्त प्रामाणिक राहावं लागतं. अवजारं आधी स्वच्छ धुवायची, कारण रक्त वाळून चिकटलेलं असेल तर वाफ पोचत नाही. मग कोरडी करून पाऊचमध्ये, आणि ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या मशीनला, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं किंवा १३४ वर किमान ३ मिनिटं, मशीनच्या सूचनेप्रमाणे. पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे ते वाफेतून गेलं, एवढंच कळतं. जंतू मेले का, हे स्पोअर टेस्टच, म्हणजे चिवट जंतूंचे बीजाणू मशीनमध्ये ठेवून ते मरतात का हे बघणारी चाचणीच, सांगते.

एकदा घाईत मशीन गच्च भरलं आणि पाऊच ओले निघाले. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, ते वापरायचे नसतात. बाहेर पेशंट बसलेला. मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, सगळं नवीन पाऊचमध्ये भरून पुन्हा लावलं. डॉक्टर रागावले नाहीत, पेशंटला स्वतः जाऊन थांबायला सांगितलं. पुढच्या महिन्यापासून स्टरिलायझेशनची वही माझ्याकडे आली आणि काही काळाने इम्प्लांटच्या सर्जरीत उभं राहायची संधीही.

शिकणाऱ्या मुलींना एक आवर्जून सांगते, पेशंटजवळ जायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. नेहमीच्या वेळापत्रकात तीन डोस असतात आणि ते पुरे व्हायला सहा महिने लागतात. वापरलेल्या सुईचं टोपण दोन्ही हातांनी कधीच लावू नका. सुई टोचल्यानंतरची ती काळजी मी एका मैत्रिणीच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

सध्या एक्स-रेचं वेगळं प्रशिक्षण घेतेय. सेन्सर तोंडात जरा तिरका बसला की मुळाचं टोक कापलं जातं आणि पेशंटला पुन्हा किरण घ्यावे लागतात. रोज संध्याकाळी मॉडेलच्या जबड्यावर तेवढंच एक घोटते.