सुरूच्या बनात ताडपत्री

आज गुहागरला सुरूच्या बनात हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायचा कापडी झोपाळा, टांगला. नारळाखाली टांगायचा प्रश्नच नव्हता, वरून काय डोक्यात पडेल सांगता येत नाही!

हॅमॉक झटकन होतो, खरा वेळ खाते ताडपत्री. आधी झाडांमध्ये कण्याची दोरी, म्हणजे ताडपत्रीचा मधला भाग जिच्यावर टाकायचा ती, ताणली, मग कोपरे. भुसभुशीत वाळूत खुंट्या कसल्या टिकतात? पिशव्यांत वाळू भरून त्याच पुरल्या. समुद्राकडची बाजू पार खाली ओढली, संध्याकाळी खारा वारा तिकडूनच. रात्री मात्र मतलई वारे उलटे, जमिनीकडून येतात, म्हणून दुसरी बाजूही फार उंच ठेवली नाही. हॅमॉकच्या दोऱ्यांना ताडपत्रीच्या आत सुतळीचे तुकडे लोंबते बांधले. बुंध्यावरून दोरीने येणारं पावसाचं पाणी तिथेच ठिबकून जातं.

बघत उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "एवढ्या खटपटीत पडवीत दोन झोपा झाल्या असत्या!"