घडी न मोडलेले पेपर

"काका, वय झालं की व्हायचंच असं." हे वाक्य आज सकाळी मीच बोलले, गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत.

शेजारचे काका सांगत होते, पाठ दुखते, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मी ॲसिडिटी, हवा, वय अशी ठरलेली उत्तरं दिली आणि लोकल पकडायला पळाले.

संध्याकाळी भाजी द्यायला गेले तर टीपॉयवर पेपरांची चळत. एकाचीही घडी मोडलेली नाही. काकू गेल्यापासूनची असावी. हा माणूस शब्दकोडं पेनाने सोडवायचा, पेन्सिलीने नाही! अडलं की अख्ख्या मजल्याला विचारायचा.

"कोडं नाही सोडवत हल्ली?"

"कशाला?" एवढंच.

ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखायला 1980च्या दशकात एक खास प्रश्नावली तयार झाली. तिच्यात अंगदुखी, झोप असले प्रश्न मुद्दाम टाळलेत, कारण या वयात ते वयाच्याच खात्यात जातात. दुसराच प्रश्न आहे, आवडीच्या गोष्टी सोडून दिल्यात का? तो चळतीच्या रूपात माझ्यासमोर पडला होता.

सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला. "मी काय वेडा आहे?" काका पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. (खरं सांगू? बरं वाटलं.)

शेवटी शनिवारी डॉक्टरकडे यायला तयार झालेत. पाठीसाठी.

पाठ तर पाठ. पण डॉक्टरांना त्या पेपरांबद्दल काकांसमोर सांगू, की आधी एकटीच जाऊन?