फोर्ट बूई: "पार्किंगपासून पाच मिनिटं" वगैरे काही नाहीये

शनिवारी चँडलरहून फोर्ट बूईला, म्हणजे ॲरिझोनातल्या अमेरिकन फौजेच्या जुन्या ठाण्याच्या अवशेषांना, जाऊन आलो, पाय अजून बोंबलतायत त्यामुळे भाषा कडक वाटली तर समजून घ्या. (स्पेलिंग बघून आपण बोवी म्हणतो, तिकडे सगळे बूईच म्हणतात.)

आमच्या ग्रुपमधल्या एका भल्या माणसाने सांगितलेलं, पार्किंगपासून पाच मिनिटं, चपलेवर जा. साफ खोटं. दीड मैल चालत जायचं आणि दीड मैल परत. मे महिना, साडेअकराची वेळ, मी, बायको, मेहुणा, तिघांत मिळून दोन लिटर पाणी आणि मेहुणा क्रॉक्समध्ये.

सुरुवातीची वाट सपाट आहे पण सावलीचं नाव नाही. वाटेत 1858 च्या टपालगाडीच्या ठाण्याची नुसती जोती उरलीयेत, लोक फोटो काढून पुढे सटकतात. थांबा जरा. इथेच आसपास फेब्रुवारी 1861 मध्ये अमेरिकन फौजेच्या लेफ्टनंट बास्कमने अपाची टोळीच्या सरदाराला, कोचीसला, बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि पळवलेल्या एका पोरासाठी त्यालाच धरून ठेवायला गेला. पोरगा कोचीसच्या लोकांनी नेलाच नव्हता. कोचीस तंबू फाडून निसटला, दोन्हीकडचे ओलीस जिवाला मुकले आणि मग पुढे दहा-अकरा वर्षं मारामारी.

त्यानंतर दफनभूमी लागते. तिथे जेरोनिमोच्या (हाही अपाचींचा नावाजलेला लढवय्या) छोट्या मुलाची कबर आहे, जेमतेम दोन वर्षांचा होता. तिथे आम्ही तिघंही गप्पच झालो.

आणि मग झरा. एवढ्या रखरखाटात करंगळीएवढी धार, पण सगळं रामायण हिच्यासाठी. 15 जुलै 1862 ला कॅलिफोर्नियाहून आलेली अमेरिकन फौज चाळीसेक मैल तंगडतोड करून तहानलेली इथे पोचली तर वरच्या टेकड्यांवर कोचीस आणि दुसरा अपाची सरदार मंगास कोलोरादास यांचे लोक दबा धरून. तोफा लावल्या तेव्हा कुठे पाणी मिळालं. त्याच महिन्यात इथे फौजेचं ठाणं, म्हणजे फोर्ट बूई, बांधायला घेतलं. आम्ही दीड मैलात रडलो, ते चाळीस मैल आले होते. तुम्ही ते पाणी पिऊ नका, पिण्याचं पाणी वर व्हिजिटर सेंटरला मिळतं.

वर पोचल्यावर मेहुण्याचा पहिला प्रश्न, "भावोजी, किल्ला कुठाय?" आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे दरवाजा, बुरूज, निदान एखादं पाण्याचं टाकं. इथे तटबंदीच नाही, कधी नव्हतीच! मधे परेडचं मैदान, भोवती घोडदळाच्या बराकी, तबेले, कोठारं, सगळं कच्च्या विटांचं, आता विरघळून कुठे गुडघ्याएवढं कुठे छातीएवढं उरलंय, वर चुन्याचा गिलावा थापलाय. सप्टेंबर 1886 मध्ये शरण आलेल्या जेरोनिमोला याच मैदानातून गाड्यांत बसवून रेल्वे स्टेशनला नेलं, फ्लोरिडाच्या कैदेत पाठवायला, आणि चौथ्या कॅव्हलरीच्या बँडने निरोपाची धून वाजवली. 1894 ला फौजेनेही ठाणं सोडलं.

आता मेन मुद्दा, परतीची रिजवरची, म्हणजे डोंगराच्या धारेवरची वाट. व्ह्यू भारी आहे मान्य, पण दमल्यावर तिथे जाऊ नका म्हणजे नकाच. आधी चढ, मग सुटी खडी, उतारावर प्रत्येक पावलाला पाय सरकतो. मेहुणा दोनदा बसला, तिसऱ्यांदा घसरत आला, क्रॉक्सचा पट्टा तिथेच राहिला. आल्या वाटेने परत या, कमीपणा नाही त्यात.

माणशी तीन लिटर पाणी, बूट, टोपी, आणि सकाळी आठच्या आत चालायला लागा. रॅटलस्नेक असतात, दगडांत हात घालू नका. तिकीट नाही. शेवटी कच्चा रस्ता आहे, साधी गाडी जाते, पण पाऊस पडून गेला असेल तर विचार करा. रविवारी जवळचं चिरिकाहुआ नॅशनल मॉन्युमेंट पण केलं, मस्त आहे, जा.

आणि तो पाच मिनिटंवाला. काल फोन केला भांडायला, तर कळलं तो गुडघेदुखीवाल्या वडिलांना घेऊन गेलेला. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी आधी फोन केला तर मागच्या रस्त्याने गाडी वरपर्यंत नेऊ देतात. अरे मग हे आधी बोलायला काय झालेलं!