२०१६ : या वर्षाचे माझे अल्बम

आज सुट्टी. दिवसभर हेडफोन लावून वर्षभरात मनात घर करून बसलेले अल्बम सलग ऐकले.

कॅनडाचा गायक-कवी लेनर्ड कोहेनच्या 'यू वॉन्ट इट डार्कर'पुढे बाकी सगळं मागे पडतं. पाठीच्या दुखण्याने जेरीस आलेला कोहेन लॉस एंजेलिसच्या घरातच गायला, मुलगा अ‍ॅडमने काम तडीस नेलं. पहिल्याच गाण्यात तो जवळजवळ बोलतोच, आणि मागून मॉन्ट्रियलच्या सिनेगॉगचा (ज्यू प्रार्थनास्थळाचा) गायकवृंद येतो. दरवेळी अंगावर काटा! २१ ऑक्टोबरला अल्बम आला, ७ नोव्हेंबरला तो गेला.

ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचं तर त्याहून भयंकर. 'ब्लॅकस्टार' त्याच्या ६९व्या वाढदिवशी आला आणि दोन दिवसांत तो नाही. डॉनी मॅकॅस्लिनचा सॅक्सोफोन काय वाजलाय त्यात!

रेडिओहेड या ब्रिटिश बँडने १९९५पासून मैफलीत गिटारवर गायलेलं 'ट्रू लव्ह वेट्स' यंदा अल्बमवर घेतलं, तेही पियानोवर. मला हेच रूप जास्त भिडतं.

आणि 'सैराट' हवाच. चारच गाणी, पण अजय-अतुलनी त्यासाठी हॉलिवूडमध्ये अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. 'झिंगाट'वर सगळे नाचलो, पण 'याड लागलं'मधली व्हायोलिनं एकदा मोबाईल बाजूला ठेवून चांगल्या स्पीकरवर ऐका. तुमचे यंदाचे कोणते? सांगा, उद्याही सुट्टी आहे.